गेलं की नेलं? मराठी सार्ट चाचणीच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण, कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, शिवाय आठवड्यातून दोन तास एम.ए.च्या वर्गाला शिकवते. मन भरकटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला मुलांना त्यांच्याच मोबाइलवर करून दाखवायचंय. तयार चाचण्या आहेत, पण सगळ्या इंग्रजी. "तू करून दे ना गं, तुला तर हे डाव्या हाताचं."

चाचणीचं नाव सार्ट. सस्टेन्ड अटेन्शन टू रिस्पॉन्स टास्क. इअन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये तयार केली, १९९७ साली छापून आली. स्क्रीनवर १ ते ९ मधला एक अंक येतो, प्रत्येक अंकाला बटण दाबायचं, फक्त ३ आला की दाबायचं नाही. बस, एवढंच. अंक २५० मिलिसेकंद दिसतो, मग ९०० मिलिसेकंद गोलातली फुली, मग पुढचा अंक. एकूण २२५ अंक, त्यांत ३ पंचवीस वेळा. सव्वाचार मिनिटांत खेळ खलास.

गंमत तिच्या उलटेपणात आहे. बहुतेक चाचण्यांमध्ये क्वचित येणाऱ्या गोष्टीला दाबायचं असतं. इथे हात आपोआप दाबत राहतो आणि थांबायला लक्ष लागतं. गॅस बंद करायला लक्ष लागत नाही, हात करतो. "आज बंद करायचा नाही, दूध ठेवलंय" हे आठवायला लागतं. तसंच. मूळ अभ्यासात डोक्याला मार लागलेले रुग्ण होते. पण निरोगी माणसंही इतक्या सोप्या कामात चुकतात, म्हणून ती पुढे सगळीकडे वापरली गेली.

ताईला म्हटलं, दोन संध्याकाळींचं काम. हे वाक्य मी प्रत्येक कामाच्या पहिल्या दिवशी म्हणते.

८ जून

वेळेचा प्रश्न. साधा टायमर लावला तर ब्राउझर मनाला येईल तेव्हा अंक दाखवतो. म्हणून फ्रेम मोजायच्या. फ्रेम म्हणजे स्क्रीन बदलत असलेलं एकेक चित्र; सेकंदाला किती, तो हर्ट्झचा आकडा. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे २५० ला बरोबर १५ फ्रेम आणि ९०० ला ५४. इतकं नेटकं जमलं की संशय येऊन पुन्हा हिशेब केला. मग भाच्याचा फोन घेतला. त्याची स्क्रीन ९० हर्ट्‌झची. तिथे २५० ला साडेबावीस फ्रेम. अर्धी फ्रेम कुठून आणू? तेवीस धरल्या, २५५.६ मिलिसेकंद होतात. प्रत्येक अंक प्रत्यक्षात किती वेळ दिसला ते डेटात लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर उत्तर आहे.

बोट टेकल्याक्षणी वेळ पकडायची, उचलल्यावर नाही. तरी टचस्क्रीनची स्वतःची दिरंगाई उरतेच, आणि ती प्रत्येक फोनची निराळी. दोन माणसांची तुलना या आकड्यांवर करायची नाही. एकाच माणसाचे चढउतार बघायचे.

११ जून

मोठा घोळ, आणि मला आधी सुचायला हवा होता. अंक देवनागरी ठेवले होते. आईला बसवलं. न थांबणं ही चूक मोजायची असताना आई तिसरंच करत होती: ६ आला तरी थांबत होती. "तीनच होता की गं." २५० मिलिसेकंदांत ३ आणि ६ ही आरशातली भावंडं. ३ आणि २ सुद्धा जवळचेच. म्हणजे चूक लक्षाची की डोळ्यांची, हे कळायला मार्गच नाही.

भाचा बावीस वर्षांचा, इंग्रजी माध्यमाचा. त्याला नुसते अंक एकेक दाखवून "कोणता?" विचारलं. १ दिसला की "नऊ" म्हणतो. दरवेळी नाही, घाईत. स्वतःच हसत सुटला. मराठी माणसाच्या अंकांत अशी सरळ फाळणी आहे, हे मला एसटीच्या पाट्या वाचणाऱ्या पिढीत वाढून कधी जाणवलंच नव्हतं.

१२ जून

ठरलं ते असं. सुरुवातीला अंक निवडायचे, देवनागरी की इंग्रजी. दोन्हीकडे थांबायचा अंक ३ ऐवजी ४. देवनागरीत ४ कुणाशीच नातं सांगत नाही. ताईला विचारलं, मूळ चाचणीशी फारकत होतेय, चालेल? ती म्हणाली, "मला प्रमाणित आकडे नकोच आहेत. वर्गात चूक झाल्यावर मुलांच्या तोंडून जो 'अरेच्चा' निघतो, तो हवाय."

मूळ चाचणीसारखेच अंक पाच वेगवेगळ्या आकारांत येतात. नाहीतर माणूस अंक न वाचता स्क्रीनवरचा एकच ठिपका बघून काम उरकतो.

२१ जून

मध्ये आठ दिवस नोंद नाही. काय केलं या आठ दिवसांत? बटणाचा रंग. खरंच. गोलातली फुली हलकेच विरून जावी म्हणून तीन रात्री घालवल्या, मग लक्षात आलं की ती विरून जाता कामाच नये, झटक्यात गेली पाहिजे. तीच तर तिची नोकरी. एका गिऱ्हाइकाचं बिल पाठवायचं राहिलं. दुधाचं पातेलं एकदा जळालं. आज पालख्या शहरात मुक्कामाला, रस्ते बंद, म्हणून घरात बसून निदान हे लिहितेय.

आता लिहूनच टाकते, कारण पुढच्या नोंदींना त्याचा संदर्भ लागेल. मला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान दोन वर्षांपूर्वी झालं, सदतिसाव्या वर्षी. त्याआधी एका डॉक्टरांनी मला सात मिनिटांत परत पाठवलं होतं: "इंजिनिअर झालात, घर चालवता, मग कसला आलाय एडीएचडी?" माझ्या खात्यावर जमा झालेली दंडाची व्याजं त्यांनी बघितली नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी तीन बैठका झाल्या. डीएसएम-५ या मानसोपचारातल्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ पासूनच्या निकषांत प्रौढांसाठी नऊपैकी पाच लक्षणं पुरतात (मुलांना सहा), पण त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि एकाहून जास्त ठिकाणी. म्हणून माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढली. तिसरी ते सातवी, पाच वेगवेगळ्या बाईंच्या हस्ताक्षरात एकच वाक्य थोड्या फरकाने: हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. आई म्हणाली, "तू कुठे चंचल होतीस? तासन्‌तास एका जागी चित्रं काढायचीस." मराठीत या विकाराचं नावच अतिचंचलतेवर येऊन थांबतं, त्यामुळे खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाच्या यादीत येत नाही. ती वेंधळी असते. फार तर धांदरट.

२२ जून

पहिली पूर्ण फेरी, स्वतःवर. पंचवीस वेळा ४ आला, चौदा वेळा दाबला गेला. हात दाबून मोकळा होतो आणि डोकं मागून "अरे" म्हणतं.

आलेख काढला तेव्हा खरी मजा. माझा सरासरी वेळ ३६० मिलिसेकंदांच्या आसपास, पण चुकीच्या आधीचे चार दाब ३१० च्या घरात. म्हणजे चूक अचानक होत नाही. आधी हात भरधाव सुटतो. रॉबर्टसन यांच्या मूळ निबंधातही हेच आहे. माझ्या फोनवर, माझ्या बोटांनी ते पुन्हा उमटलेलं बघून रात्री साडेबाराला टाळी वाजवली.

मग दुसरी फेरी मुद्दाम सावकाश, प्रत्येक अंकाला अर्धा सेकंद घेत. चुका सहा. लक्ष सुधारलं का? छे. या फेरीत मन पहिलीपेक्षा जास्त भटकलं; गणपतीला गावी जायचं तिकीट, जळालेलं पातेलं, सगळं झालं. नुसता वेग कमी केला की चुका कमी होतात, ही या चाचणीवरची जुनी टीका आहे आणि ती रास्त आहे. चुकांचा आकडा म्हणजे लक्षाचा ताप मोजायचं थर्मामीटर नव्हे. माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

२८ जून

तर विचारायचं. चाचणी मध्येच अचानक थांबते आणि प्रश्न येतो: आत्ता, या क्षणाच्या आधी, मन कुठे होतं? ही पद्धत संशोधनात रुळलेली आहे. इंग्रजी पर्याय साधारण असे: कामावर, मुद्दाम दुसरीकडे, आपोआप दुसरीकडे.

मुद्दाम आणि आपोआप हा भेद का हवा, ते ताईने समजावलं. २०१५ मध्ये पॉल सेली आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही वेगळे मोजले. एडीएचडीची लक्षणं आपोआप भरकटण्याशी जोडलेली निघाली. ठरवून मन दुसरीकडे नेण्याशी नाही. म्हणजे कंटाळवाण्या मीटिंगमध्ये रात्रीच्या भाजीचा बेत करणारा आणि मीटिंग महत्त्वाची असूनही तिच्यातून निसटणारा, हे दोघे बाहेरून सारखे दिसतात, आत नसतात.

मी सरळ भाषांतर केलं: "मुद्दाम दुसरीकडे होतं." पाच जणांना दिलं. एकानेही तो पर्याय निवडला नाही. वहिनींना विचारलं, खरंच एकदाही नाही? त्या म्हणाल्या, "मुद्दाम कशाला करेन मी? तू सांगितलंस तसंच करत होते की."

तिथे शब्दच पकडला गेला. आपल्याकडे मुद्दाम हा शब्द आरोप घेऊनच येतो. मुद्दाम पाडलंस, मुद्दाम उशीर केलास. कबूल कोण करेल?

मग पर्याय शोधत बसले. "जाणूनबुजून" तर थेट पोलीस पंचनाम्यातला. "हेतुपुरस्सर" ला वहिनी म्हणाल्या, म्हणजे? "स्वतःहून" मला फार आवडला होता, पण तो दोन्हीकडे फितूर आहे: मी स्वतःहून विचार केला म्हणजे ठरवून, आणि मन स्वतःहून गेलं म्हणजे नेमकं उलट. "भरकटलं" तर नकोच. जहाज भरकटतं, तरुण पोरं भरकटतात. त्यात चूक आधीच ठरलेली असते.

२९ जून

सकाळी आई फोनवर मावशीशी बोलत होती. "अगं, तंद्री लागली आणि कुकरच्या शिट्ट्याच मोजल्या नाहीत." थोड्या वेळाने माझ्याबद्दल: "ही बसलीय तिकडे तंद्री लावून."

लागली. लावून.

चहा तसाच ठेवून वही काढली. लक्ष लागतं, लक्ष लावतो. मन लागतं, मन लावतो. तंद्री लागते, तंद्री लावून बसतो. लक्ष जातं, लक्ष देतो. मन रमतं, मन रमवतो. जो भेद मोजायला संशोधकांना वेगळ्या प्रश्नावल्या कराव्या लागल्या, तो आमच्या क्रियापदांत आयता पडून आहे, आणि दोष न देता. तंद्री लागली म्हणणाऱ्या आईने स्वतःवर ठपका ठेवला नाही. लावून बसली, यात माझ्यावर मात्र थोडा होता, तो सोडा.

(अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्ये लक्षाच्या विकारांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याने आवर्जून नोंदवलंय की रुग्णांचा स्वतःचा या अवस्थेसाठी एक शब्द आहे. आपल्या चुळबुळीच्या जवळचा. डॉक्टरने रुग्णाचा शब्द टिपून घेणं मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.)

नवे पर्याय:

मन आकड्यांवर होतं.
मन दुसरीकडे गेलं.
मन मीच दुसरीकडे नेलं.
मन कुठेच नव्हतं.

चौथा पर्याय चैनीचा नाही. डोकं कोरं होतं, विचार असा कुठला नव्हताच, अशीही अवस्था असते आणि तिचाही अभ्यास झालाय. तो पर्याय नसला की लोक "गेलं" वर टिचकी मारतात आणि मग कुठे गेलं ते आठवत बसतात.

त्याच पाच जणांना पुन्हा दिलं. आता तिघांनी "नेलं" वापरला. वहिनी दोनदा. "डब्याचं ठरवत होते," निवांतपणे म्हणाल्या.

३ जुलै

दुसरा प्रश्न. मन गेलं होतं, हे प्रश्न यायच्या आधी तुम्हाला माहीत होतं का? संशोधनात याचं वजन मोठं आहे. जोनाथन स्कूलर यांच्या गटाच्या अभ्यासात असं दिसलं की एडीएचडीची लक्षणं जास्त असलेल्यांचं जे नुकसान मन जाण्याने होतं, त्यात मोठा वाटा मन गेल्याचं न कळण्याचा असतो.

या वेळी शब्दासाठी झगडावं लागलं नाही. भान. "त्याचं भान होतं का?" भान असतं, सुटतं, हरपतं, आणि माणूस भानावर येतो. ताईला वाचून दाखवलं तर ती फोनवर गप्प. मग म्हणाली, "मी वर्गात मेटाकॉग्निटिव्ह अवेअरनेस म्हणून फळ्यावर लिहिते गं. दहा वर्षं."

लगेच दुसरी पद्धतही टाकली. चाचणीने विचारायची वाट न बघता, स्वतःच्या लक्षात आलं की कोपऱ्यातलं बटण दाबायचं. बटणावर लिहिलंय: भानावर आले / आलो. दोन्ही पद्धतींतला फरक बघण्यासारखा. माझं बघितलं. चाचणीने आठ वेळा विचारलं, पाच वेळा मन गेलेलं, त्या पाचांत चार वेळा भान नव्हतं. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातलं बटण मी किती वेळा दाबलं? एकदा. एवढ्याशा आकड्यांवरून सिद्ध काही होत नाही, पण सव्वाचार मिनिटांची ती पट्टी बघताना मला माझं पातेलं दिसलं. दूध उतू जात असताना मी ओट्याशीच उभी होते.

६ जुलै

आषाढी. आईचा उपवास, माझी खिचडी. सुट्टीचं काम: दिवसभर अधूनमधून फोन वाजून विचारेल, आत्ता मन कुठे आहे? ही कल्पनाही जुनी. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये आयफोनवरून २२५० प्रौढांना असंच विचारलं. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. एक सोडून बाकी प्रत्येक कामात हे प्रमाण निदान ३० टक्के होतं. तो अपवाद कोणता, हे ताई वर्गात सांगणार नाही म्हणाली, मुलं शोधतील.

तर जवळजवळ अर्धा वेळ सगळ्यांचंच मन दुसरीकडे. त्याच अभ्यासातलं भटकणारं मन दुःखी असतं, हे वाक्य व्हॉट्सॲपवर सकाळच्या सुविचारात फिरतं, आणि मला ते अर्धवट वाटतं. आवडीच्या विषयात रमलेलं मन खुशीत असतं, असंही नंतर दिसून आलंय. माझ्या घरात फोन आज सात वाजेपर्यंत नऊ वेळा वाजला. चार वेळा मन दुसरीकडे होतं, त्यातलं एकदा खिचडी परतताना या प्रकल्पात. मजेत होते. शेंगदाण्याचा कूट मात्र राहिला.

९ जुलै

ताईशी तासभर वाद. मला शेवटी एक निकाल दाखवायचा होता. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची, प्रौढांमधली एडीएचडीची लक्षणं विचारणारी अठरा प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिचे पहिले सहा प्रश्न चाचणीआधी टाकायचे आणि शेवटी दोन्हींचा मेळ. "सहांपैकी चारहून कमी लक्षणं जुळली की चार किंवा जास्त, एवढंच दाखवू."

ताई: "आणि कोपऱ्यातल्या बाकावरची मुलगी रात्री अकराला मला मेसेज करेल, मॅडम मला पाच आले."

मी म्हटलं, मला वेळेवर कुणी असा आकडा दाखवला असता तर...

ती म्हणाली, "तुला आकड्याने नाही, तुझ्या प्रगतिपुस्तकांनी निदान मिळालं. आणि थायरॉइडची तपासणी, झोप, चिंता, सगळं बघून झाल्यावर." हे खरं आहे. एएसआरएस चाळणी आहे, निदान नाही. शिवाय ते सहा प्रश्न पुन्हा वाचले तर त्यांत मनाच्या भटकण्याबद्दल एकही नाही: काम शेवटाला नेणं, नीट लावणं, भेटी विसरणं, टाळाटाळ, चुळबुळ, अंगात मोटर असल्यासारखं वाटणं. सगळं बाहेरून दिसणारं. आतलं विचारणारी वेगळी प्रश्नावली लंडनमध्ये फिलिप ॲशरसन यांच्या गटाने केलीय, पण ती मराठीत आणून तपासणं हे ताईसारख्या चौघींचं दोन वर्षांचं काम, माझं नव्हे.

निकालाचं पान काढून टाकलं. शेवटी फक्त आलेख: तुमच्या दाबांची रेघ, त्यावर चुकांचे ठिपके, आणि कुठे गेलं, कुठे नेलं. आकडा नाही, तुलना नाही. मला अजून थोडं वाईट वाटतंय.

१३ जुलै

आईची शेवटची फेरी. चष्मा पुसून, मांडी घालून बसली. देवनागरी अंक. चुका फक्त सात, माझ्या निम्म्या, आणि ते तिने दोनदा मोजून घेतलं.

प्रश्न आठ वेळा आला. सहा वेळा "आकड्यांवर". दोनदा "मीच नेलं".

"कुठे नेलंस?"

"माहेरी. विहिरीवर. हे असले आकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

मग दुसरा प्रश्न स्क्रीनवर आला, त्याचं भान होतं का? आईने फोन बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मीच नेलं म्हणून आत्ता सांगितलं ना? भान असल्याशिवाय नेईन कशी?"

बरोबर आहे. व्हर्जन ०.६: "नेलं" निवडल्यास भानाचा प्रश्न वगळला. ताईला दुवा पाठवला. गिऱ्हाइकाचं बिल अजून राहिलंय.